शिवी नक्की लागते कुणाला?

आजचा विषय आहे शिव्या. घाबरू नका, छापता येत नाहीत त्या इथे छापणार नाहीये (त्या तुम्हाला येतातच, मी वेगळ्या काय शिकवणार?). पण या शब्दांचे मूळ अर्थ काय होते, ते शिवी कसे झाले आणि आपण शिवी देतो तेव्हा ती नक्की कुणाला लागते, याचा थोडा इतिहास मांडायचा आहे. सुरुवात आमच्या नगर जिल्ह्यातूनच करतो.

नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे वस्ती साधारण १,८००. शनिशिंगणापूर ज्या तालुक्यात आहे तोच हा तालुका. तर २८ नोव्हेंबर २०२४ रोजी या गावाच्या ग्रामसभेने एक ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. सरपंच शरद आरगडे यांनी पत्रकारांना कारण सांगितलं ते अगदी साधं होतं. भांडणात आपण दुसऱ्याच्या आई-बहिणीबद्दल जे बोलतो ते आपल्या घरातल्या बायकांनाही लागू होतं, हे बोलणारा विसरतो. गावात तसे फलक लागले. पुढे बांधावरच्या भांडणात शिवीगाळ केली म्हणून दोघांकडून दंड घेतल्याच्या बातम्याही आल्या.

ही बातमी तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर फिरत होती. प्रतिक्रिया ठरलेलीच... "आपल्या फ्लोअरवर हा नियम लावा, टीम आउटिंगचा खर्च निघेल!" हसू आलंच. शेतकऱ्याचा बांध आणि आमची प्रॉडक्शन रिलीज, दोन्ही ठिकाणी भाषा साधारण एकच असते. पण हसून झाल्यावर लक्षात आलं की या ठरावात एक गोष्ट हेरलेली आहे, जी आपल्या कायद्यालाही नीटशी पकडता आलेली नाही.

आधी साधा प्रश्न. 'अ'ने 'ब'ला शिवी दिली. शिवीत नाव कुणाचं? 'ब'च्या आईचं. आता त्या माउलीचा या भांडणाशी संबंध काय? ती घरी भाकऱ्या थापत असेल. बांध तिने कोरलेला नाही, उधारी तिने बुडवलेली नाही, बग तिने टाकलेला नाही. तरीही दोन पुरुषांच्या भांडणात घाव तिच्यावर. आणि गंमत म्हणजे 'ब' उलट शिवी देतो ती 'अ'च्या आईला. हिशेब फिटला, दोघंही मोकळे! ज्यांच्या नावाने फिटला त्या दोघींना याचा पत्ताही नाही.

"मी नाही बाबा असल्या शिव्या देत," असं तुम्ही म्हणाल. बरं, "आयला" म्हणता? "च्यायला" म्हणता? बिल्ड पडल्यावर, बस चुकल्यावर, सचिन आउट झाल्यावर आपण सगळेच म्हणत आलो. 'च्यायला' फोडून बघा, "आईला" त्यात दिसेल. वापरून वापरून शब्द एवढा गुळगुळीत झाला की आता आईसमोरही तोंडातून जातो आणि तिलाही काही वाटत नाही. 'साला' तसाच. साला म्हणजे बायकोचा भाऊ. यात शिवी कुठे आली? ज्या समाजात मुलगी देणारं घर खालचं आणि करून घेणारं घर वरचं मानतात, तिथे कुणालाही "साल्या" म्हणणं म्हणजे "तुझी बहीण माझ्या घरात आहे" असं सुनावणं. इथेही नाव त्याचं आणि वार बहिणीवर.

सगळ्याच शिव्या अशा नाहीत हेही खरं. दरबार आणि लष्कराच्या भाषेतून आलेले काही फारसी-अरबी शब्द बघा. 'हरामखोर' म्हणजे निषिद्ध ते खाणारा. 'नमकहराम' म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणारा. 'बदमाश' म्हणजे वाईट मार्गाने पोट भरणारा, कारण 'मआश' म्हणजे उपजीविका. या शिव्यांमध्ये निदान आरोप तरी आहे, आणि तोही समोरच्याने स्वतः केलेल्या कामाचा. "तू खाल्ल्या मिठाला जागला नाहीस" या वाक्याला उत्तर देता येतं. आईवरच्या शिवीला काय उत्तर देणार?

बरं, शब्द जन्मतःच शिवी असतात का? बहुतेक नाही. सम्राट अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो, म्हणजे देवांचा लाडका. त्याच्या बाराव्या शिलालेखाचा विषयच वाणीचा संयम आहे: आपल्या पंथाची उगाच स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, सगळ्यांचा मान राखा. तिथे पंथ या अर्थी शब्द आलाय 'पाषंड', आणि तो सगळ्यांसाठी सारखाच वापरलाय. त्यात हिणवणं अजिबात नाही. पुढे काय झालं? 'पाषंड'चा झाला 'पाखंडी'. आणि 'देवानांप्रिय' हा शब्द मूर्ख या अर्थाने वापरतात, अशी नोंद संस्कृत व्याकरणकारांनीच करून ठेवली! जिभेला आवर घाला असं दगडावर कोरणाऱ्या राजाची पदवीच शिवी होऊन बसली. कुणाला मान द्यायचा नाही हे एकदा लोकांनी ठरवलं, की मानाचे शब्दही कामी येतात. आपण "आले मोठे शहाणे" म्हणतो तेव्हा दुसरं काय करतो?

इंग्रजीतही हेच. 'व्हिलन' हा शब्द सिनेमाने दिलेला नाही. मध्ययुगातल्या जमीनदाराच्या शेतावर बांधला गेलेला कष्टकरी तो 'व्हिलेन'. त्याच्या मालकांच्या तोंडी तो आधी गावंढळ झाला, मग नीच आणि शेवटी खलनायक. 'हसी' म्हणजे उठवळ बाई, पण हा शब्द 'हाउसवाइफ'चाच घासलेला उच्चार आहे. घर सांभाळणारी बाई आणि शेत कसणारा माणूस, दोघांचंही नाव शिवी झालं. राजाचं आणि सरदाराचं नाव का नाही झालं, हे सांगायला नकोच.

आपल्याकडचा 'व्हिलन' कोण? 'गावठी'. कोड रिव्ह्यूमध्ये "हे फार गावठी सोल्युशन आहे" असं म्हणणारे निम्मे लोक गावाकडूनच आलेले असतात (मीही त्यातलाच). आणि मुंबईत 'घाटी'. घाट उतरून आलेला तो घाटी. यात शिवी कुठेच नाही, नुसता पत्ता आहे. नगर, सातारा, पुणे भागातून माणसं मुंबईत गिरणीत, गोदीत, हमालीत गेली. ज्यांना त्यांच्याकडून काम करून घ्यायचं होतं त्यांच्या तोंडी त्या पत्त्याची शिवी झाली. उद्या सगळे घाटी सीईओ झाले तर 'घाटी' हे परफ्यूमचं नाव होईल!

आता जरा जड भागाकडे येऊ, कारण नगर जिल्ह्याचा खरा संबंध इथे आहे.

मराठीत बाईला द्यायची जुनी आणि सर्रास शिवी कोणती? 'रांड'. मूळ संस्कृत 'रण्डा'. तिथेही हा शब्द दोन्हीकडे चालतो, विधवा म्हणूनही आणि बाईला हिणवायलाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) उघडला तर विधवा हा अर्थ तिथे आहेच. म्हणजे बाईचा नवरा मेला, एवढंच घडलंय. तिने काही केलेलं नाही, उलट तिच्यावर संकट आलंय. आणि त्या संकटाचं जे नाव, तेच गावातली सगळ्यात घाण शिवी. त्याच्या आजूबाजूला 'बोडकी', 'रंडकी', 'पांढऱ्या पायाची' ही सगळी भावंडं. पुरुषाची बायको मेली तर तो विधुर. 'विधुर' वरून एखादी शिवी आठवते का बघा. मला तरी आठवली नाही. फार तर दुसरं लग्न केल्यावर 'बिजवर' म्हणून चिडवतील, तेही लग्नाच्या पंगतीत.

हा शब्द बदलायला काय काय करावं लागलं ते बघा. १८५६ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. १८६३ला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, म्हणजे फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी हक्काची जागा. (सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे झालं, हे आम्ही नगरवाले आवर्जून सांगतोच.) १८८२ला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. निमित्त होतं सुरतेच्या एका विधवेच्या खटल्याचं. त्यावरून उठसूट सगळ्या बाईजातीला नावं ठेवणाऱ्यांना त्यांनी थेट विचारलं की हे दुर्गुण पुरुषांत नाहीत का. १८९०ला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरलं. 'बोडकी' ही शिवी मोडायची तर आधी वस्तरा थांबवला पाहिजे, हे त्यांना बरोबर कळलं होतं. १८९३ला धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

एवढं सगळं होऊनही शब्द आहे तिथेच आहे. कायदा झाला, वस्तरा थांबला, पण जीभ थांबली नाही.

आणि आता नगरचं नाव. ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीला अहिल्याबाईंचा जन्म झाला. १७५४ला कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडला. अहिल्याबाई सती निघाल्या होत्या, सासरे मल्हाररावांनी थांबवलं. पुढे सासरे गेले, मुलगा मालेराव गेला आणि १७६७ ते १७९५ या बाईने महेश्वरातून होळकरांचा कारभार असा केला की आजही नाव घेताना लोक आधी 'पुण्यश्लोक' म्हणतात. ऑक्टोबर २०२४मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला नाव एका विधवेचं. आणि त्याच जिल्ह्यातल्या बांधावर, एसटी स्टँडवर, बाजार समितीत सर्रास ऐकू येणारी शिवीही विधवेचीच. सौंदाळ्याचा ठराव नावबदलाच्या पुढच्याच महिन्यातला. दोन्हींचा थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण पाटीवरचं नाव बदलणं आणि तोंडातला शब्द बदलणं, यात दुसरं काम कितीतरी अवघड आहे, आणि ते अंगावर घेतलं अठराशे वस्तीच्या गावाने.

या गावाने फक्त शब्दच धरला असंही नाही. विधवांना कुंकू पुसायला, मंगळसूत्र काढायला, बांगड्या फोडायला लावायचं नाही आणि त्यांना सणवार-समारंभात सामील करून घ्यायचं, असाही ठराव सौंदाळ्याने केलेला आहे. अशा ठरावाची वाट पाडली ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने, मे २०२२मध्ये. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. १८९०च्या नाभिकांसारखंच हे. आधी हात थांबवायचा, मग तोंड.

मानाच्या शब्दांचीही इथे पंचाईत होते बरं का. एप्रिल २०२३मध्ये राज्याचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी 'गं. भा.' म्हणजे 'गंगा भागीरथी' असं संबोधन सुचवलं. हेतू मानाचा असेलही. पण ओरड झाली आणि हा फक्त चर्चेचा प्रस्ताव आहे असं त्यांना सांगावं लागलं. मला यातली मेख एका कामात कळली. एका वेबसाइटचा मराठी फॉर्म करत होतो, नावाआधीच्या उपाधीचा ड्रॉपडाउन द्यायचा होता. पुरुषांसाठी एकच पर्याय: 'श्री.' बायको असो, नसो, वारलेली असो. बाईसाठी मात्र कुमारी, सौ., श्रीमती, गं. भा. अशी रांगच. तिचा नवरा आहे का, होता का, गेला का, हे कळल्याशिवाय आपल्या भाषेला तिला हाकच मारता येत नाही. तिला मान द्यायचा तरी नवऱ्यावरून, आणि शिवी द्यायची तरी नवऱ्यावरूनच.

आता कायदा. कुणाला चिथावण्यासाठी मुद्दाम अपमान करणं हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत कलम ५०४, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३५२. पण तिथे प्रश्न असा की समोरचा माणूस त्यामुळे शांतता मोडेल का? बाईच्या विनयभंगाच्या शब्दांसाठी पूर्वीचं ५०९, आता ७९. तिथे तो शब्द तिने ऐकावा असा हेतू लागतो. सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलण्याचं कलमही आहे, तिथे आजूबाजूच्यांना त्रास झाला का ते बघतात. म्हणजे समोरचा मोजला, ऐकणारी मोजली, आजूबाजूचे मोजले. घरी भाकऱ्या थापणारी आई कुठे आहे? ती कुठल्याच कलमात नीट बसत नाही. सुरुवातीला म्हणालो ते हेच. सौंदाळ्याच्या ठरावात पहिलं नाव तिचं आहे.

जातीवरून होणाऱ्या अपमानाच्या बाबतीत मात्र कायदा पुढे गेला, आणि तो आपोआप गेलेला नाही, त्यामागे मोठा लढा आहे. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने दलित-आदिवासींचा लोकांदेखत अपमान करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, आणि नंतरच्या दुरुस्तीने जातीचं नाव घेऊन शिवी देणं स्पष्ट शब्दांत त्यात आलं. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. इथेही तेच. माणसाने काय केलं याच्याशी शिवीचा संबंध नाही, तो कुणाच्या पोटी जन्मला याच्याशी आहे. सौंदाळा ज्या तालुक्यात आहे त्याच नेवाशात १२९०मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. आणि परंपरा सांगते की त्या चार भावंडांनाही लोक 'संन्याशाची पोरं' म्हणूनच हिणवत होते. दोष ठरवला बापाचा, शिवी खाल्ली लेकरांनी.

ठरावाला आक्षेप आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला म्हणजे शिवी ही वाफ आहे, ती कोंडली तर माणूस हात उचलेल. आपल्याकडे शिव्यांना सणाचीही परवानगी आहे, शिमग्याची बोंब सगळ्यांना माहीत आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड अशी दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका दोन काठांवर उभ्या राहून वाजतगाजत, हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. 'बोरीचा बार' म्हणतात त्याला. पण तिथे जिला शिवी द्यायची ती समोर उभी असते, ऐकत असते आणि सव्याज परत करते. वाफ अशीही निघू शकते, तिसरीला भाजण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. दंड कुणाला होणार? गावातल्या वजनदार माणसाने शिवी दिली तर त्याच्याकडे ५०० रुपये मागायला कोण जाणार? शिवाय शिवी न देताही माणसाला चिरडता येतं. साठीच्या सालगड्याला विशीतल्या मालकाच्या पोराने "ए, इकडे ये रे" म्हटलं, यात एकही शिवी नाही, दंडही नाही. पेशवाईत पत्राचा मायना सुद्धा समोरच्याची पायरी बघून लिहीत. 'तू' आणि 'तुम्ही' मधला तो हिशेब आपण अजून चालवतोच. ठराव त्या हिशेबाला हात लावत नाही, लावू शकतही नाही.

तरीसुद्धा मला हा ठराव महत्त्वाचा वाटतो. पाचशे रुपयांच्या भीतीने राग थांबत नाही. पण शब्द तोंडातून निघायच्या आधी अर्धा सेकंद माणूस अडखळत असेल, आणि त्या अर्ध्या सेकंदात त्याला आठवावं लागतं की आपण नाव कुणाचं घेतोय. 'च्यायला' म्हणताना आपल्याला जे आठवणं बंद झालंय तेच. 'देवानांप्रिय' पासून 'घाटी' पर्यंत शब्द कसे खाली जातात हे आपण पाहिलं. ते वर येतात ते मात्र क्वचित, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मुद्दाम ओढल्यावरच.

असो. फार लांबलं. या आठवड्यात एक प्रयोग करून बघा. दिवसभरात तोंडातून गेलेली प्रत्येक शिवी, अगदी 'आयला' सुद्धा, लिहून ठेवा. शेजारी दोन रकाने करा: राग कुणावर होता, आणि नाव कुणाचं घेतलं. माझ्या तीन दिवसांच्या यादीत राग होता बहुतेक सर्व्हरवर, दोनदा ट्रॅफिकवर आणि एकदा घरमालकावर. दुसऱ्या रकान्यात मात्र पहिल्या दिवसापासून बायकाच आहेत.